रो-हाऊसच्या मागे फरसबंदी आणि बाहेरचे दिवे: पहिल्यांदाच करतोय, सुरुवात कुठून करावी?

परसदार
नमस्कार मंडळी. सानपाड्याला रो-हाऊस घेतलंय, दिवाळीत राहायला आलो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर साधारण १२ बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत १२, आडवी १५. सध्या तिथे मुरूम, विटांचे तुकडे, एका कोपऱ्यात शेवगा आणि दुसऱ्या कोपऱ्यात ड्रेनेजचं चेंबर आहे.

आम्हाला तिथे नीट फरसबंदी करून घ्यायची आहे. संध्याकाळी चार खुर्च्या टाकून बसता यावं आणि सासूबाईंना काठी टेकत तुळशीपर्यंत बिनधास्त जाता यावं, एवढीच अपेक्षा. अंधार पडल्यावर उजेडही हवा, पण डोळ्यांत घुसणारा नको.

दोन ठेकेदार पाहून गेले. एक म्हणाला, "कोबा (सिमेंट-काँक्रीटचा थर) करून वर कोटा दगडाची फरशी लावू, आयुष्यभर बघायला नको." दुसरा म्हणाला, "आहे त्यावरच वाळू पसरून पेव्हर (काँक्रीटचे सुटे ब्लॉक) टाकतो, दोन दिवसांत मोकळे." इलेक्ट्रिशियन म्हणतो, किचनच्या पॉइंटवरून वायर काढून फरशीखालून नेऊ. तिघांचंही ऐकलं तरी निर्णय होत नाहीये. आम्हा दोघांनाही बांधकामातलं काही कळत नाही. पावसाळ्याच्या आत काम संपवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

ऐरोलीकर
वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

पाणसळ
ताई, फरशी कुठली हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. मागच्या अंगणात पाणी कुठे पडतं, कुठून येतं आणि कुठे जातं, हे आधी बघा. फरशी आणि दिवे ही त्यानंतरची कामं. मी साइटवर सुपरवायझर म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, जो जुलैत सहज पडतो, तर तुमच्या १८० चौरस फुटांवरच सुमारे १,६७० लिटर पाणी होतं. मागच्या छपराचं पाणी पन्हळीतून तिथेच उतरत असेल तर ते वेगळं. उतार नसेल तर हे सगळं पाणी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून उभं राहणार. मग आतल्या ओट्याखाली ओल, पोपडे, आणि साचलेल्या पाण्यात डास.

म्हणून ५० फुटांना १ फूट उतार घराकडून बाहेरच्या बाजूला द्या. तुमच्या १२ फुटांना तो जवळपास ३ इंच होतो. खुर्चीत बसल्यावर कळतही नाही. फरशीचा वरचा थर जोत्यापेक्षा निदान ६ इंच खाली राहू द्या. गवंड्याला "उतार ठेव" एवढंच सांगून भागत नाही. पाण्याची नळी (पाणी भरून पातळी बघायची पारदर्शक नळी) लावून घराच्या भिंतीवर आणि मागच्या भिंतीवर खडूने खुणा करून घ्या, त्या दोन खुणांमधला फरक टेपने स्वतः मोजा आणि दोरी बांधून घ्या. या खुणा झाल्याशिवाय खोदाईची कुदळ लागू देऊ नका.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमची जमीन. सानपाडा, वाशी, कोपरखैरणे या पट्ट्यात बरीच जागा खाजण आणि मिठागरं भरून केलेली आहे. वर मुरूम दिसतो, खाली खाडीची चिकणमाती. ती वर्षानुवर्षं थोडी थोडी बसत राहते आणि सगळीकडे सारखी बसत नाही. अशा ठिकाणी पातळ कोबा करून वर कोटा चिकटवला की कोबा तडकतो आणि तीच चीर फरशीत येते. पेव्हर ब्लॉकचं तसं होत नाही. एखादा भाग बसला तर तेवढेच ब्लॉक उचलायचे, खाली वाळू भरायची, परत बसवायचे. तुमच्या जागेसाठी मी पेव्हरच सांगेन. पण "आहे त्यावरच वाळू" हे अजिबात करू नका, पहिल्या पावसात चाकोऱ्या पडतील.

चाफा_बेलापूर
काका, थोडं वेगळं मत मांडते. आमचं घर बेलापूरला पारसिकच्या डोंगराच्या उताराच्या बाजूला आहे, खाली चांगला कडक मुरूम आणि कातळ. आम्ही रबल सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (सळ्या नसलेलं काँक्रीट) आणि वर खडबडीत शहाबादी केली. कित्येक पावसाळे गेले, एकही फरशी हललेली नाही. दगडाचा गारवा पेव्हरला येत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी अनवाणी बसता येतं. त्यामुळे कोबा वाईटच, असं सरसकट म्हणू नये.

पाणसळ
बरोबर आहे ताई, मी सानपाड्यापुरतंच म्हणालो. खाली कातळ असेल तर तुमचं काम उत्तम. आणि तुम्ही शहाबादी खडबडीत घेतलीत हे महत्त्वाचं. घासून चकचकीत केलेला कोटा उघड्यावर लावला की पावसाळ्यात शेवाळ धरून बर्फासारखा निसरडा होतो. घरात काठी घेऊन चालणारं माणूस आहे, तेव्हा बाहेर पॉलिश केलेली कुठलीच फरशी नको.

परसदार
काका, चाफाताई, खूप आभार. भिंतीवर खुणा करून पाहिल्या. सध्याचा उतार चक्क घराकडेच आहे! पेव्हर करायचं ठरतंय. खाली नेमके थर कोणते आणि माल किती मागवायचा?

पाणसळ
खालून वर सांगतो.

सगळी मिळून ९ इंच खोदाई. निघालेला माल हवेत फुगतो, त्यामुळे पावणेदोन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास राडारोडा होईल. तो कुठे टाकणार हे ठेकेदाराकडून आधीच ठरवून घ्या, खाडीकाठी किंवा नाल्यात जाता कामा नये. खोदलेला तळ पाणी मारून धुमसून घ्या आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. ठेकेदार म्हणेल गरज नाही. पण चिकणमातीवर थेट खडी टाकली की ती हळूहळू चिखलात रुतते, आणि हे कापड नेमकं तेच थांबवतं.

त्यावर दाबल्यानंतर ५ इंच राहील इतकी खडी, बारीक-जाड मिसळलेली, डस्टसकट. हिशोबाने ७५ घनफूट होते, पण दाबल्यावर बसते म्हणून एक ब्रास मागवा. एकदम ओतून वरवर दाबायची नाही. तीन-तीन इंचांचे थर, थोडं पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर. तो भाड्याने मिळतो. हाताच्या धुमसाने एवढ्या जागेत एकसारखं दबत नाही. काम झालं की टाचेने जोर देऊन बघा, ठसा उमटला तर अजून दाबायचं. उतार या थरातच यायला हवा, वरच्या वाळूत उतार काढायचा नाही.

मग दीड इंच क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), सुमारे २३ घनफूट. फार पिठूळ नको, पीठ पाणी धरून ठेवतं. इथे कारागिराची खरी परीक्षा असते. दोन जीआय पाइप समांतर ठेवतात, त्यांना दोरीने उतार देतात, मधे वाळू पसरतात आणि वरून ॲल्युमिनियमची सरळ पट्टी मागे ओढत येतात. पट्टी गेली की वाळू आरशासारखी सपाट दिसते. त्यानंतर त्या वाळूवर कोणी पाय ठेवायचा नाही, पुढचे ब्लॉक बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहूनच लावायचे. पाइप काढल्यावर राहिलेल्या चरात हाताने वाळू भरतात.

ब्लॉक ६० मिलिमीटरचे पुरेत, गाडी चढणार असेल तर ८०. चारी कडांना काँक्रीटमध्ये पक्की किनार हवी आणि तिला आठवडाभर पाणी मारायला हवं. किनार नसेल तर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात, मग सांधे उघडतात, मग वाळू वाहून जाते. शेवटी कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत भरून कॉम्पॅक्टर फिरवा, पुन्हा वाळू भरा.

कोटेशन घेताना नुसता चौरस फुटाचा दर घेऊ नका. किती इंच खोदाई, किती इंच खडी, किनार धरून की वगळून, राडारोडा कोण उचलणार, हे कागदावर लिहून घ्या.

मधुमालती
दोन गोष्टी सुचवते. चेंबरचं झाकण फरशीखाली गाडू देऊ नका. रो-हाऊसच्या लाइनी शेजाऱ्यांशी जोडलेल्या असतात, तुंबलं की सगळ्यांना ते उघडावं लागतं. फरशीच्या पातळीला झाकण उचलून घ्या. उलट पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण मात्र पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर अंगणातलं पाणी टाकीत.

आणि शेवगा. बुंध्याभोवती निदान तीन फूट माती मोकळी सोडा, तिथली मुळं तोडायला लावू नका. मुळं तोडलेला शेवगा पहिल्या वादळात आडवा होतो, आणि त्याचं लाकूड मुळातच ठिसूळ.

पाणसळ
हे माझ्याकडून राहून जात होतं, चांगलं लिहिलंत. त्यात भर एवढीच की अंगणातलं पावसाचं पाणी त्या ड्रेनेजच्या चेंबरात सोडू नका. मैल्याची लाइन वेगळी, पावसाळी गटार वेगळं. सगळ्यांनी पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनीत सोडलं की तेच उलटून कोणाच्या तरी न्हाणीत येतं. मागच्या भिंतीला लागून जाळीची नाली करा आणि ती पावसाळी गटाराला न्या. तुमच्या भागात भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की गटारातलं पाणी खाडीत उतरत नाही, मागे फुगतं. म्हणून नालीच्या तोंडाला पाणी मागे येऊ न देणारी झडप बसवा.

खोदाईआधी गॅसची पाइपलाइन कुठून जाते तेही विचारून घ्या. महानगर गॅसची लाइन असेल तर त्यांना कळवून मगच खोदा.

परसदार
हे सगळं कागदावर उतरवून पहिल्या ठेकेदाराला दाखवलं, त्याने हात वर केले. दुसऱ्याने वाचून काढलं आणि म्हणाला, "असं लिहून दिलं तर मलाही बरं." त्याला काम दिलं. आता दिव्यांचं सांगा. किचनवरून वायर काढायला हरकत आहे का?

वायरमन_ऐरोली
हरकत आहे. मी परवानाधारक वायरमन आहे, त्यामुळे हे कळकळीने सांगतो. बाहेरच्या दिव्यांना डीबीतून (घरातल्या मुख्य वीजपेटीतून) स्वतंत्र सर्किट घ्या आणि त्यावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) लावा. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एमसीबी शॉर्ट सर्किट आणि जास्तीचा लोड ओळखतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून करंट जमिनीत जायला लागला तर एमसीबीला ते कळतसुद्धा नाही, आरसीसीबी मात्र क्षणात पाडतो. अर्थिंग तपासून घ्या. त्या सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या कुठल्याही सर्किटच्या न्यूट्रलला जोडू देऊ नका, नाहीतर आरसीसीबी विनाकारण पडत राहील आणि मग कोणीतरी वैतागून तो काढूनच टाकेल.

आता मुख्य सल्ला. अंगणात २३० व्होल्ट नेऊच नका. घरात किंवा पोर्चमध्ये कोरड्या जागी २४ व्होल्टचा ड्रायव्हर (२३० चे २४ व्होल्ट करून देणारा डबा) बसवा आणि तिथून पुढे सगळं कमी व्होल्टेजवर. फावड्याने केबल तुटली तरी दिवे जातील, माणसाला धोका नाही.

ऐरोलीकर
दादा, १२ व्होल्टचे दिवे बाजारात जास्त दिसतात. २४ का?

वायरमन_ऐरोली
केबलमध्ये व्होल्टेज पडतं म्हणून. ५ वॉटचे ६ दिवे म्हणजे ३० वॉट. १२ व्होल्टवर अडीच अँपियर करंट जातो. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर २० मीटर नेली, तर जाऊन-येऊन ४० मीटर, आणि सगळे दिवे टोकाला असले तर १.२ व्होल्ट वाटेतच संपतात, म्हणजे दहा टक्के. जवळचा दिवा झगझगीत आणि लांबचा मंद दिसतो तो यामुळे. तेच २४ व्होल्टवर करंट निम्मा, आणि घट जेमतेम अडीच टक्के. दिवे मात्र २४ व्होल्टचेच घ्या, १२ चे त्यावर लावले की जळालेच.

आणि फरशी होण्याआधी पाइप टाका, हे विसरू नका. खडीखालून आडवे दोन पीव्हीसी पाइप, एक आताच्या वायरीसाठी, एक रिकामा. दोन्हींत नायलॉनची दोरी ओवून ठेवा, तोंडं बूच लावून बंद करा. उद्या तुळशीवृंदावनापाशी दिवा हवासा वाटला तर एकही ब्लॉक उचलावा लागणार नाही. जमिनीत जोड शक्यतो नकोच. द्यावाच लागला तर जेल भरलेल्या डबीत. काळी टेप गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसाळ्यात गंजतो, आमच्या निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

भिंतीवरचे दिवे आयपी ६५ (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा), जमिनीतले आयपी ६७ किंवा त्याहून वरचे. पण ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी, चार महिने डबक्यात बसण्याची नाही. जमिनीतल्या दिव्याखाली निदान सहा इंच खडीचा खड्डा ठेवा, पाणी झिरपून गेलं पाहिजे. खरं तर तुमच्या भागात जमिनीतले दिवे टाळलेलेच बरे, पायरीचे आणि भिंतीचे पुरतात. सोलरवाले दिवे शोभेला ठीक, पण सासूबाईंच्या वाटेसाठी त्यांच्यावर विसंबू नका. जुलैत ऊनच नसतं, आठ वाजता विझून बसतात.

येऊरकर
उजेड किती आणि कुठे, यावर थोडं लिहितो. आम्ही ठाण्याला येऊरच्या पायथ्याशी राहतो. पावसाच्या आधी मागच्या झाडीत काजवे येतात. शेजारच्या बंगल्यात पांढरे फ्लडलाइट लागले आणि त्या बाजूचे काजवे दिसेनासे झाले. काजव्यांचा नर लुकलुकून मादीला खूण करतो, लख्ख उजेडात ती खूण तिला दिसतच नाही. सानपाड्याला काजवे नसतील, पण वटवाघळं, पाखरं, शेजारी सगळीकडेच असतात.

म्हणून दिवे खाली वळलेले, वरून झाकलेले घ्या, बल्ब नजरेला पडता कामा नये. रंग २७०० ते ३००० केल्व्हिन, म्हणजे पिवळसर. त्याकडे पांढऱ्या-निळसर दिव्यापेक्षा किडेही कमी येतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर वाळवीचे पंखवाले किडे दिव्याभोवती झुंडीने येतात तेव्हा हा फरक कळतो. पायरीच्या दिव्याला एक-दोन वॉट खूप झाले. सगळे दिवे एका बटणावर घेऊ नका. पायरी आणि तुळशीची वाट एका बटणावर, बसायच्या जागेचे दुसऱ्यावर. रात्री पहिलं चालू ठेवलं तरी चालतं, दुसरं उठताना बंद.

मधुमालती
+१. पायरीच्या दिव्याचा उजेड पायरीच्या कडेवर पडायला हवा. समोरून डोळ्यांवर आला तर वयस्कर माणसाला पायरी उलट कमी दिसते. बसवण्याआधी अंधार पडल्यावर तात्पुरता दिवा हातात धरून सासूबाईंना चालायला सांगा, आणि जागा त्यांनाच ठरवू द्या.

परसदार
ही सूचना फारच कामाची. तसंच करणार. आणि वर पत्र्याचं छप्पर घ्यावं का? ठेकेदार आग्रह करतोय.

पाणसळ
पक्कं छप्पर नको. ती मागची जागा नियमाने मोकळी सोडलेली असते, तिथे कायमचं बांधकाम करायचं तर महापालिकेची परवानगी लागते. पावसाळी शेडसाठीही आधी वॉर्ड ऑफिसला जाऊन विचारा. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर तिला काही टेकवण्याआधी त्यांच्याशी बोला.

परसदार
जुलै आला, म्हणून कळवते. काम मे महिन्यात झालं. खोदताना न्हाणीच्या पाण्याचा एक जुना, फुटका पाइप सापडला. घराच्या भिंतीला ओल येत होती ती त्याचीच. आधी तो बदलून घेतला, मग खडी. गेल्या आठवड्यात रात्रभर कोसळला, सकाळी पाऊस थांबल्यावर चहा होईपर्यंत फरशीवर पाणी नव्हतं. भरतीच्या वेळी गटार तुडुंब होतं, पण झडपेमुळे आत थेंब आला नाही. पायरीच्या दिव्याची जागा सासूबाईंनी भिंतीच्या डाव्या बाजूला ठरवली, आम्ही उजवीकडे लावणार होतो. त्या रोज संध्याकाळी कोणाचा हात न धरता तुळशीला दिवा लावून येतात. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

दोन प्रश्न. शेवग्याजवळ परातीएवढी जागा खाली बसली आहे, आणि सावलीतल्या ब्लॉकवर हिरवट थर येतोय. ॲसिड मारू का?

पाणसळ
ॲसिड मुळीच नको, ते काँक्रीट खातं. कडक ब्रशने घासा, मग ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी मारून थोड्या वेळाने धुऊन टाका. शेवग्याच्या आळ्यात ते जाऊ देऊ नका आणि ॲसिडबरोबर तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. बसलेली जागा आता उचलू नका. दिवाळीनंतर माती वाळली की तेवढे ब्लॉक काढून वाळू भरून घ्या, तासाभराचं काम आहे. सांध्यांतली वाळूही तेव्हाच पुन्हा भरा.

वायरमन_ऐरोली
आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा. दाबल्यावर पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी बदला.

चौदावा_मजला
सगळा धागा वाचला. मी कोलशेतला राहतो, फ्लॅटला मोठी उघडी टेरेस आहे. हेच पेव्हर तिथे करता येतील का?

पाणसळ
नाही. ६० मिलिमीटरच्या ब्लॉकचंच वजन चौरस मीटरला १४० किलोच्या पुढे जातं, खाली खडी-वाळू धरली तर ४०० च्या घरात. वावरायच्या गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलोच्या वापराच्या भाराचा हिशोब धरून बांधतात. शिवाय खडीत मुरलेलं पाणी वॉटरप्रूफिंगवर बसून राहील आणि खालच्या मजल्यावर गळेल. तुम्ही स्टँडवर बसणाऱ्या हलक्या डेक टाइल घ्या, खालून पाणी मोकळं वाहू द्या, आउटलेटच्या जाळीवरची टाइल सहज उचलता येईल अशी ठेवा. दिव्यांसाठी स्लॅबमध्ये एकही भोक पाडू नका, २४ व्होल्टच्या पट्ट्या रेलिंगला क्लिपने लावा. आणि सुरुवात करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या.